वर्षावासातला अर्धा तास

निवासी शाळेची स्मरणिका ही विद्यार्थ्यांची असते. निकालाची टक्केवारी, क्रीडास्पर्धांतील पारितोषिके, मोठ्या पदावर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे यांनी तिची पाने भरतात आणि ती भरावीत, असेच आम्हांसही वाटते. तरीही या अंकात आम्ही विद्यार्थ्यांच्या मातांविषयी लिहीत आहोत. आम्ही साऱ्याजणी याच वसतिगृहात वाढलो. आज आमच्यापैकी कोणी रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी बँकेत आहे, कोणी अंगणवाडी चालवते, कोणी वकिलाच्या कार्यालयात काम करते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांशी आमचा संबंध तुटलेला नाही. मुलाला शाळेने हात धरून वर घेतले. आई जिथे होती तिथेच राहिली, हे आम्हांला कामाच्या निमित्ताने वारंवार दिसते.

ताडीवाला रोड, येरवडा, दांडेकर पूल, जनता वसाहत, दापोडी अशा वस्त्यांतून आपल्याकडे येणाऱ्या मुलांच्या आया चार घरची धुणीभांडी करतात, ठेकेदाराकडे साफसफाई करतात, कचरा वेचतात, पोळ्या लाटून देतात, बांधकामावर बिगारी म्हणून जातात. यांच्यासाठी अलीकडे 'जीवनकौशल्य प्रशिक्षण' हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे. महानगरपालिकेचे वर्ग असतात, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून चालणारे वर्ग असतात, संस्थांचे असतात. प्रारंभी फलक लागतो, अखेरीस प्रमाणपत्र मिळते, मधल्या काळात शिवण, मेंदी, केशरचना किंवा मेणबत्त्या. काही वर्गांत संवादकौशल्य आणि ताणतणाव व्यवस्थापन यांवर व्याख्यानेही होतात. आम्ही असे अनेक वर्ग पाहिले, काहींत शिकवलेही. त्यांतून काहीच निष्पन्न होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शिवणयंत्रावर संसार उभा केलेल्या बाया आम्हांला ठाऊक आहेत. परंतु तयार कपड्यांनी बाजार भरून गेलेला असताना वस्तीतल्या पन्नासजणींना एकच कसब शिकवून पन्नासजणींचे पोट कसे भरावे, हा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही. वाटलेली यंत्रे पुष्कळदा घड्या केलेल्या गोधड्यांखाली विसावतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात जीवनकौशल्यांची जी यादी केली, तीत दहा गोष्टी आहेत. निर्णय घेणे, अडचण सोडवणे, चिकित्सक व सर्जनशील विचार, परिणामकारक संवाद, नातेसंबंध राखणे, स्वतःची ओळख, समानुभूती, भावना आणि ताण यांना तोंड देणे. यादी उत्तमच आहे. ती मुळात शाळकरी मुलांसाठी होती. पहाटे चारला नळावर नंबर लावून, सहाला पहिले घर गाठून, बाराला दुसरे संपवून, मधल्या वेळेत तापलेल्या पोराला दवाखान्यात नेऊन आणणाऱ्या आणि महिन्याच्या पंचविशीनंतर उरलेल्या दोनशे रुपयांत पाच ताटे वाढणाऱ्या बाईला या दहांपैकी नेमके काय येत नाही, हे तिला विचारूनच ठरवलेले बरे. आमचे मत असे की तिला जगण्याचे कौशल्य शिकवण्याची ऐट प्रथम सोडून द्यावी. तिला जे येत नाही, ते तिच्यापासून दूर ठेवले गेले आहे म्हणून येत नाही. त्यात कागद आहे, हिशेबाची वही आहे, कायदा आहे आणि चारचौघांत उभे राहून बोलण्याची जागा आहे.

कागदापासूनच सुरुवात करू, कारण या शाळेच्या कार्यालयाचा जून महिना त्यातच जातो. प्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी, पुढे महाविद्यालयात स्वाधार योजनेसाठी जातीचा दाखला लागतो. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राने १९९० मध्ये लागू केल्या. त्या मिळवायच्या तर पूर्वाश्रमीची जात कागदावर सिद्ध करावी लागते. त्यासाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा हवा. तो वस्तीत कोठून असणार? तो मराठवाड्यातल्या किंवा सोलापूर-नगरकडच्या एखाद्या गावच्या शाळेच्या जुन्या निर्गम उताऱ्यात असतो, किंवा तहसील कचेरीतल्या जीर्ण कोतवाल बुकात. आजोबांच्या नोंदीपुढे जात लिहिलेली असते, वडिलांच्या नोंदीपुढे १९५६ नंतरच्या अभिमानाने नुसते 'बौद्ध' लिहिलेले असते, आणि या दोहोंची सांगड घालून देणारा तिसरा कागद शोधावा लागतो. हे सारे बापाच्या बाजूने. बाप घर सोडून गेला असेल तर? ज्या सासरने तिला दारात उभे केले नाही, त्याच गावी जाऊन दिराकडून सासऱ्याचा दाखला मागून आणायचा, तोही रोजंदारी बुडवून. अशा माता आपल्या शाळेच्या प्रत्येक वर्गात आहेत.

त्यातही तिचे स्वतःचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आधारवर सासरचे, शिधापत्रिकेवर रेशनदुकानदाराला ऐकू आले तसे. हे नाव एक करायचे तर विवाहनोंदणी किंवा राजपत्र लागते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. सांगणारा एजंट असतो आणि त्याचे दर ठरलेले असतात. शाळेत दिलेल्या दाखल्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी, अर्ज दिला की पोच घ्यावी, पोचेवर तारीख व शिक्का पाहावा, ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास सेवा हक्क कायद्याखाली अपील करावे, हे चार धडे कोणत्याही जीवनकौशल्याच्या वर्गात आम्ही पाहिले नाहीत. महाराष्ट्रात हा कायदा २०१५ पासून आहे. ज्या बाईने एकदा पोच मागून घेतली, तिचा कचेरीतला आवाज दुसऱ्या वेळी बदललेला असतो. त्याला संवादकौशल्य म्हणावयाचे असल्यास आमची हरकत नाही.

दुसरी गोष्ट कर्जाची. वस्तीतल्या बहुतेक घरांत आज कोणत्या ना कोणत्या गटाचे कर्ज आहे. पूर्वी भिशी होती, ती अजून आहे; सावकार होता, तोही आहे; त्यांत आता सूक्ष्मकर्ज देणाऱ्या कंपन्यांची भर पडली. दहा बाया एकमेकींच्या हमीदार होतात. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊजणी तिच्या दारात जाऊन बसतात. कंपनीला वसुलीसाठी माणूसही फारसा लागत नाही, शेजारधर्मच वसुलीला लागतो. येथे हिशेब येणे किती महत्त्वाचे आहे, ते एका साध्या उदाहरणाने सांगता येईल. चाळीस हजारांचे कर्ज, वर्षाची मुदत, 'बारा टक्के सरळ व्याज'. व्याज ४,८०० रुपये, एकूण ४४,८००, महिन्याचा हप्ता ३,७३३. ऐकायला बारा टक्के. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जाते. सहा महिन्यांनी तिच्याकडे निम्मेच पैसे उरलेले असतात आणि व्याज मात्र ती पहिल्या दिवसाच्या चाळीस हजारांवर देत राहते. घटत्या शिलकेवर मोजले तर हा दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. आमच्यापैकी जी बँकेत आहे, तिने हा हिशेब एका विहारात खडूने फरशीवर मांडून दाखवला. चौथी शिकलेल्या बाईला तो समजण्यास दहा मिनिटेही लागली नाहीत. रोजच्या व्यवहारात ती यापेक्षा अवघड तोंडी हिशेब करीतच असते.

हिशेबाबरोबर नियमही हाती यावयास हवेत. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्मकर्जाचे जे नियम केले, त्यांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेल्या अशा कर्जासाठी तारण घेता येत नाही. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर वसुलीसाठी येता येत नाही. कर्जाचा दर व अटी सांगणारा कागद तिला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. रात्री आठ वाजता दारात मोटारसायकल उभी करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलणाऱ्या माणसाला, 'दादा, सहा वाजून गेले, उद्या या' एवढे म्हणण्यासाठी तिला यातले एकच वाक्य ठाऊक असावे लागते. आणि शेजारच्या नऊजणींनाही ते ठाऊक असावे लागते, हे विशेष. एकटीने जाणलेला नियम वस्तीत फारसा टिकत नाही.

कायद्याचे बाकीचे आम्ही थोडक्यात सांगतो, कारण ते छापील पुस्तिकांत मिळते. घरातल्या हिंसेविरुद्धचा २००५ चा कायदा बाईला राहत्या घरातून काढता येणार नाही, असे सांगतो. विधिसेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट तर शिकलेल्यांनाही माहीत नसते. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारी सदनिका पती-पत्नी दोघांच्या नावे होते. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. वारसाहक्काचा हिंदू कायदा बौद्धांनाही लागू असून वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा आहे. भाऊ रक्षाबंधनाची साडी देऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात, हे आपल्या घरांतही घडते आणि त्याविषयी आपण व्यासपीठावरून बोलत नाही.

आता प्रश्न असा की हे शिकवावे कोठे आणि केव्हा. वर्ग रिकामे राहतात याचे एक कारण अगदी साधे आहे. दुपारी दोन ते चार ही वेळ शिकवणाऱ्यांच्या सोयीची असते. ज्यांना शिकायचे, त्या त्या वेळी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असतात. आणि महापालिकेच्या सभागृहापर्यंत जाऊन यायला रिक्षाचे पैसे लागतात.

आपल्या समाजापाशी मात्र एक तयार जागा आणि एक तयार वेळ आहे. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वस्तीवस्तीतल्या बुद्धविहारांत वर्षावास पाळला जातो. रात्री जेवणखाण आटोपले की बाया पांढरी साडी नेसून विहारात जमतात, वंदना होते, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. पावसात, चिखलात, दिवसभराच्या श्रमानंतर तीन महिने रोज संध्याकाळी एकत्र बसणारी अशी स्त्रियांची सभा दुसऱ्या कोणत्या संस्थेने सांगावी! तिला हजेरीपट लागत नाही, चहाबिस्किटांचे आमिष लागत नाही. नवऱ्याचीही परवानगी लागत नाही, कारण ती विहारात चालली आहे. आमची सूचना एवढीच आहे की ग्रंथवाचनानंतरचा अर्धा तास, आठवड्यातून दोन दिवस, या शिक्षणासाठी द्यावा.

विहारात पैशापाण्याच्या गोष्टी कशाला, असा आक्षेप आम्हांला एका ज्येष्ठ उपासकांनी घेतला. त्यांचा मान राखून आम्ही असे म्हणू की हा आक्षेप धम्माच्या बाजूने टिकत नाही. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलीय गृहस्थाची कथा आहे. आम्ही बायकापोरांत राहणारी, प्रपंचातली माणसे; आम्हांला या जन्मी उपयोगी पडेल असे काही सांगा, असे त्याने तथागतांना विनवले. तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. आपले काम उत्तम रीतीने जाणून उद्योगाने करणे, कष्टाने मिळवलेले राखणे, भल्या माणसांची संगत धरणे आणि आय पाहून व्यय करणे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले, किती उचलले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपल्या आयव्ययाचे कळावे, असा दृष्टान्त तेथे आहे. संपत्ती वाहून जाण्याच्या वाटाही सांगितल्या आहेत. त्यांत दारू आहे, जुगार आहे, वाईट संगत आहे, बाहेरख्यालीपणा आहे. आमच्या वस्तीतल्या कोणत्याही बाईने हीच यादी याच क्रमाने नसली तरी अशीच सांगितली असती. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहेत. एक उपभोगास, दोन धंद्यात, चौथा आपत्तीसाठी राखून. त्याच सुत्तात पतीने पत्नीशी कसे वागावे याची पाच कर्तव्ये आहेत आणि त्यांतले एक तिच्या हाती घरचा अधिकार सोपवणे हे आहे. या कर्तव्यावर वर्षावासात प्रवचन झाल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

परमपूज्य बाबासाहेबांच्या चळवळीतही स्त्रियांचे प्रश्न असेच रोकड्या स्वरूपात मांडले गेले होते. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तो कारखान्यातल्या बाईच्या शरीराचा आणि मजुरीचा विचार करून. नागपूरला २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे बाबासाहेबांचे तेथले उद्गार आपण दर जयंतीला फलकांवर लिहितो. परिषदेचे ठराव मात्र कोणी वाचत नाही. त्यांत घटस्फोटाचा हक्क होता, बहुपत्नीकत्वाला बंदी होती, गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका येथे राबणाऱ्या स्त्रियांच्या रजेची मागणी होती, गिरण्यांत स्त्री-पर्यवेक्षक नेमाव्यात असे होते आणि मुलींसाठी वसतिगृहे काढावीत असेही होते. ठराव मांडणाऱ्या आणि त्यांवर बोलणाऱ्या स्त्रियाच होत्या. आपले वसतिगृह त्याच मागणीच्या वाटेवरचे आहे. मुलींसाठी वसतिगृह आणि राबणाऱ्या आयांसाठी हक्क, हे दोन्ही त्या परिषदेत एकाच मांडवाखाली मागितले गेले. आपण त्यांतला एक धागा हाती धरला.

शिक्षण एखाद्या खऱ्या कामाला बांधलेले असले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून कचरा वेचणाऱ्या स्त्रियांशी संपर्क आला आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या साथीने संघटना उभी राहिली. सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. सुरुवातीला त्यांनी मागितले काय? ओळखपत्र. पोलिसाने हटकले तर दाखवायला कागद, ज्यावर आपण काम करणारी माणसे आहोत असे लिहिलेले असेल. महापालिकेने त्या ओळखपत्रावर सही केली. मग वजनकाट्याचा प्रश्न आला, भंगाराच्या भावाचा आला, पतसंस्था आली, पुढे २००८ मध्ये घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. यांतल्या कित्येकींनी वर्गात बसून अक्षर गिरवले नसेल. पण आयुक्तांसमोर बसून दर ठरवण्याची बोलणी त्यांनी केली. नेतृत्वगुणांचे व्याख्यान ऐकून असे नेतृत्व येत असते, तर आपल्याकडे व्याख्यानांची वाण कधीच नव्हती.

यावरून आम्ही जे म्हणू इच्छितो, ते काहींना कडू लागेल. विहारातल्या या अर्ध्या तासासाठी पाठ्यपुस्तक लागेल, ते विहारातच आहे. ते म्हणजे विहार समितीची जमाखर्चाची वही. १४ एप्रिलच्या जयंतीची, बुद्धपौर्णिमेची, धम्मचक्र प्रवर्तनदिनाची वर्गणी दारोदार फिरून गोळा कोण करते? बाया करतात. भोजनदानाचा शंभर माणसांचा स्वयंपाक, त्याची डाळ किती, तांदूळ किती, हे तोंडपाठ कोणाला असते? बायांना. मग पावतीपुस्तक, रोखवही आणि कपाटाची किल्ली मात्र पुरुषांकडे का राहावी? पुढच्या सतरंजीवर बसण्याचा मान दिला म्हणजे स्त्रीचा सन्मान झाला, अशी एक समजूत आपल्यात रुजली आहे. विहाराच्या समितीत खजिनदार स्त्री असलेल्या वस्त्या आम्हांला बोटांवर मोजता आल्या. ज्या ठिकाणी तशी आहे, तिथे मंडपवाला आणि ध्वनिक्षेपकवाला यांच्याशी भाव करताना होणारा फरक वर्गणी देणाऱ्यांनी पाहिला आहे. हे आम्ही हसत लिहीत असलो तरी खरे आहे.

तेव्हा आमची मागणी अशी की जो विहार या उपक्रमात सामील होईल, त्याने वर्षावासाच्या तीन महिन्यांसाठी आपली जमाखर्चाची वही स्त्रियांच्या सभेपुढे ठेवावी आणि त्या काळातला हिशेब त्यांनी लिहावा. जमेची बाजू, खर्चाची बाजू, पावतीचा क्रमांक, शिल्लक. दर पौर्णिमेला सर्वांसमोर मोठ्याने वाचन. ज्या बाईने चारशे घरांची वर्गणी लिहून ताळा जुळवला, ती गटाच्या कर्जाचे कार्ड तपासताना बुजणार नाही. आणि पौर्णिमेला उभी राहून 'अमुक जमा, तमुक खर्च' असे तीनदा वाचून दाखवलेल्या बाईला वॉर्ड ऑफिसात बोलताना वेगळ्या धाडसाची गरज लागत नाही. वही चुकेल, खाडाखोड होईल. पुरुषांच्या हातच्या वह्याही आम्ही पाहिलेल्या आहेत.

हे शासनाचे काम आहे, शाळेने यात का पडावे, असे शाळेच्या हितचिंतकांपैकी काहीजण विचारतात. शाळेच्या तिजोरीत जे थोडे आहे, ते मुलांच्या जेवणावर आणि इमारतीवर खर्च व्हावे, ही त्यांची चिंता प्रामाणिक आहे. आम्ही शाळेकडे पैसा मागत नाही. शाळेकडे पालकांची नावे आहेत, मुलांमुळे त्या मातांचा विश्वास आहे आणि माजी विद्यार्थिनी आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेली मुलगी परत येत नाही, तिचे लग्न ठरलेले असते, ही गोष्ट आपल्या कार्यालयास नवी नाही. तेव्हा गुरुजी वस्तीत जातात, समजूत घालतात, कधी यश येते, कधी येत नाही. घरात निर्णय होत असताना आई तेथे बसलेली असते आणि बहुधा ती गप्प असते. तिच्या हाती स्वतःचे बँकेचे पुस्तक असते, मुलीच्या शिष्यवृत्तीचा कागद असता, बालविवाहाच्या कायद्याची माहिती आणि विहारातल्या दहाजणींची साथ असती, तर प्रत्येक वेळी निर्णय फिरला असता असे आम्ही म्हणणार नाही. ती गप्प बसली नसती, एवढे आम्ही पाहिलेल्या काही घरांवरून म्हणू शकतो.

पुरुषांविषयी काय, हाही प्रश्न येतो. पंचशीलातले पाचवे शील रोज म्हणूनही वस्तीच्या कोपऱ्यावरचे दुकान चालूच आहे. बायांना हिशेब शिकवून दारू सुटणार नाही. म्हणून हा अर्धा तास फक्त स्त्रियांचा असला तरी पौर्णिमेचे हिशेबवाचन सर्वांचे असावे, तरुण मुलांनी सतरंज्या उचलण्यापुरते न येता ते ऐकावे, असे आम्ही सुचवतो. याहून अधिक उपाय आमच्यापाशी आज नाही.

येत्या आषाढी पौर्णिमेपासून दापोडी आणि येरवडा येथील दोन विहारांत आरंभ करण्याचे आम्ही ठरवले आहे. दोन्ही समित्यांनी होकार दिला. एकीने वही देण्याचे मान्य केले, दुसरीने त्यावर बैठक घेऊन कळवतो असे सांगितले. पहिला महिना कागदांचा राहील. प्रत्येकीने घरातले सर्व कागद एका पिशवीत घालून आणावेत, नावे जुळतात की नाही ते आम्ही तिच्यासमवेत पाहू आणि काय करावयाचे ते तिच्याच वहीत तिच्याच हाताने लिहून घेऊ. दुसरा महिना कर्ज, भिशी आणि बँकेचा. तिसऱ्यात कायदा आणि दवाखाना, त्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आधीच नीट करून ठेवण्याचा विषय येईल. रोखवही तिन्ही महिने चालू राहील.

ज्या माजी विद्यार्थिनींना आठवड्यातून दोन रात्री, साडेनऊ ते दहा या वेळात येता येईल, त्यांनी आपले नाव, राहण्याचे ठिकाण आणि काय शिकवता येईल ते शाळेच्या कार्यालयात नोंदवावे. तहसील कचेरीत, बँकेत किंवा न्यायालयात नोकरीस असलेल्या बंधूंनी महिन्यातून एकदा शंकांची उत्तरे देण्यापुरते आले तरी चालेल. पालक मातांनी नाव नोंदवण्याची आवश्यकता नाही. त्यांनी वंदनेनंतर थोडे थांबावे आणि कागदांची पिशवी बरोबर आणावी.